हुम्मादवरचा संगमरवर

"उतर! आधी माझ्या म्हाताऱ्याच्या छातीवरनं खाली उतर!"

इज्जाचा आवाज एवढा चढला, की कबरस्तानाच्या बांधावर चरणाऱ्या शेळ्या माना वर करून बघायला लागल्या. गवंडी बलाईद हातात थापी धरून जागच्या जागी थिजला. त्यानं पायाखाली बघितलं, मग इज्जाकडं बघितलं.

"लाल्ला, ही हाज बिहींच्या वडलांची कबर हाय," तो थोरल्या बाईला लावायचा मान लावून म्हणाला. "मला हितंच बांधायला सांगितलंय."

"कुणी सांगितलं?"

"गावातल्या मोठ्या माणसांनी."

"मोठी माणसं! त्यास्नी सकाळी सोडलेली चप्पल सांजच्याला घावत न्हाई, आन कबर घावली व्हय? हा माजा हुम्माद हाय. दर शुक्रवारी येते मी हितं. तू कवा आलास?"

बलाईद बाजारगावचा. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. तो काल आला होता आणि दाखवलेल्या जागी पाया खणत होता. इज्जानं पाण्याचा घडा खाली ठेवला. फडक्यात बांधलेली सुकी अंजिरं आणि जवाची भाकरी ठेवली. पूर्वेकडून कोरडा वारा सुटला होता, तांबडी धूळ डोळ्यांत जात होती, त्यामुळं डोळ्याला पाणी कशानं आलं हे बलाईदला कळायचं काही कारण नव्हतं.

ताग्दिर्त गावात कबरीवर नाव लिहायची रीत नाही. माणूस गेला की कफनात गुंडाळायचा, मातीत ठेवायचा, वर माती लोटायची. पुरुष असेल तर दोन दगड, डोक्याशी एक, पायाशी एक. बाई असेल तर मधे आणखी एक. पुढचं काम रानओव्याचं. दोनतीन वर्षांत तो कबरीवर असा माजतो, की खाली माणूस आहे हे त्याच्या माणसालाच ठाऊक. कबरस्तानातल्या झुडपाची फांदी कुणी तोडत नाही, तिथं कुणी शेळी घालत नाही, म्हणून अख्ख्या डोंगरात दाट हिरवं असं तेवढंच राहिलेलं. इज्जाच्या मधमाश्या तिथंच चरत. तिच्या मधाला जो वास होता, तो हुम्मादवरच्या ओव्याचा आहे असं ती लोकांना सांगायची आणि लोक मध चाटता चाटता थोडे गंभीर व्हायचे.

तो सगळा ओवा आता उपटून बाजूला पडला होता. दोन्ही दगड ढिगाऱ्यात. आणि पाया खणला होता तो एका माणसाचा नव्हता. हाजला भोवती कठडा पाहिजे होता, कठड्याच्या आत बसायला ओटा पाहिजे होता. त्या ओट्याखाली हुम्मादच्या डाव्या हाताची रिकामी जागा पार गडप झाली होती.

ती जागा इज्जाची होती. हुम्माद गेला तेव्हापासून तिनं ती राखली होती. पोरंबाळं नव्हती, घर पुतण्यांचं, बदामाची झाडं दिरांची. तिचं स्वतःचं म्हणावं असं या डोंगरात तेवढंच होतं.

आणि हुम्मादनं तर बजावून ठेवलं होतं. ऐन जवानीत एक परदेशी साहेब गावात आला, त्यानं खेचर तपासावं तशी पोरांची छाती तपासली, शिक्के मारले आणि फ्रान्सच्या कोळशाच्या खाणीत नेली. हुम्माद अर्धी हयात जमिनीच्या पोटात राहिला. परत आला तो छातीत कोळसा घेऊन. शेवटी शेवटी खोकता खोकता म्हणायचा, "इज्जा, माझ्यावर दगड घालू देऊ नगंस. लई वर्सं डोक्यावर डोंगर घेऊन काढली. आता पाऊस पडला तर मला कळला पायजे."

इज्जानं शब्द दिला होता. तिनं घडा उचलला, पाया खणलेल्या मातीवर होतं तेवढं पाणी ओतलं आणि तरातरा मशिदीकडं निघाली.

मशिदीच्या भिंतीला टेकून गावची जमात, म्हणजे पंचमंडळी, बसलेली होती. मधे हाज बिही, पांढऱ्याशुभ्र झग्यात. कासाब्लांकाला त्याची किराणा दुकानं. या डोंगरातला प्रत्येक माणूस कासाब्लांकात किराणा विकतो, पण हाजची दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर. वर्षातून एकदा गावात यायचा, साखरेचे सुळके वाटायचा, आणि काहीतरी सुधारणा करून जायचा. गेल्या खेपेला मशिदीला कर्णा दिला होता. या खेपेला ट्रकभर संगमरवर आणला होता, बापासाठी.

बापाची कबर कशी सापडली, ते आता सगळ्या गावाला ठाऊक आहे; तेव्हा कुणी बोलत नव्हतं एवढंच. हाजनं आल्या आल्या विचारलं, "दादा मोह, माझे वडील कुठं?" दादा मोह गावातला सर्वांत थोरला. अलीला, म्हणजे हाजच्या बापाला, त्यानं स्वतःच्या हातांनी कबरीत उतरवलं होतं. पण त्याला जमाना झाला. त्यानंतर दादा मोह कबरस्तानात गेला तो दुसऱ्या कुणाला उतरवायला, खाली मान घालून, आणि लगेच माघारी जेवायला. खड्डे खणणारी पोरं आता मार्सेय आणि पॅरिसात दुकानं मांडून बसलेली. आठवत नाही म्हणावं, तर मग दादा मोहला दादा कशासाठी म्हणायचं? म्हणून त्यानं काठी उचलली आणि अर्ध्या कबरस्तानावरून फिरवली. "हितंच... म्हंजी हितंच बग." काठी जिथं थांबली तिथून खालचा डांबरी रस्ता छान दिसत होता. म्हणजे रस्त्यावरूनही ती जागा छान दिसत असणार. हाजला जागा एकदम पटली. मशिदीत नमाज पढवणाऱ्या फकीह सी अबेल्लाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अल्लाह जाणतो," आणि यात खोटं काहीच नव्हतं.

"तुमी माझ्या म्हाताऱ्यावर अलीचं घर बांधताय!" इज्जानं लांबूनच सुरुवात केली.

हाज उठून उभा राहिला, कारण तो रीतभात पाळणारा माणूस होता. "लाल्ला इज्जा, बसा. च्या घ्या. तुमचा काहीतरी घोटाळा झालाय."

"घोटाळा माजा? बारा महिने, दर शुक्रवारी पाणी घालते मी त्येला!"

"पर दफनाच्या दिवशी हुतीस का तू?" दादा मोहनं विचारलं. "बायामाणसं येत न्हाईत त्या दिवशी. आमी हुतो. आमी डोळ्यानं बघितलंय."

"बघितलंत. आन त्यानंतर कवा गेलात बगायला?"

जमातीतल्या माणसांनी चहाच्या पेल्यांत बघितलं. पेल्यात पुदिना होता.

"बाप तुमचे, भाऊ तुमचे," इज्जा म्हणाली. "एकदा मातीत टाकलं की तुमचं काम झालं. आमी बाया पुरताना न्हाई, पर पुढं जलमभर आमीच जातो. मग कोण कुठं निजलंय ते कुणाला ठाऊक असणार?"

"लाल्ला, हा गावाच्या अब्रूचा सवाल हाय," हाज समजुतीनं म्हणाला. "आता खालनं हमरस्ता गेलाय. येणारेजाणारे बगतात. काय दिसतं त्यास्नी? दगडं आन झुडपं. म्हणत असतील, ह्या डोंगरातली माणसं मेल्यावर जनावरागत मातीत टाकतात."

"मग कशात टाकत्यात बाबा? साखरेत?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. इज्जा फकीहकडं वळली. "सी अबेल्ला, तुमी बोला. मागच्या साली तुमीच सांगितलंत न्हवं, कबर साधी असावी, तिच्यावर बांधकाम बरं न्हाई म्हणून?"

सी अबेल्लानं वर मशिदीच्या मनोऱ्याकडं बघितलं. तिथं हाजनं दिलेला नवाकोरा कर्णा उन्हात चमकत होता. "साधी म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "म्हणजे नीटनेटकी."

संपलं. कबर उकरून बघणं पाप, बाईच्या शब्दाला वजन नाही, आणि ट्रकभर संगमरवर तर आलेला. इज्जा घरी गेली आणि तिनं चूल पेटवली नाही.

थडगं मात्र झालं बघण्यासारखं. पांढरा संगमरवर, त्यावर सोनेरी अक्षरांत अलीचं नाव, भोवती हिरवा कठडा. आतल्या ओट्यावर हाजनं प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली. "हिला पाणी लागत न्हाई," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "बारा महिने हिरवी. आजकाल निसर्गाचा इचार करावा लागतो." इज्जाच्या मधमाश्या सवयीनं तिथं यायच्या, हिरव्या पात्यांवर गिरक्या घ्यायच्या, बसायच्या, उठायच्या, आणि रिकाम्या माघारी जायच्या. एका शेळीनं हिरवळीचा कोपरा ओढून बघितला. बराच वेळ चघळला, मग थुंकून टाकला आणि पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही. गावातल्या माणसांपेक्षा शेळीला अक्कल लवकर आली, असं इज्जा म्हणायची.

कारण माणसांना भलतीच हुक्की आली होती. हाजचा बाप संगमरवरात आणि आपला झुडपात, हे कुणाला सोसेना. ज्याच्या घरच्या न्हाणीला दार नव्हतं, तो बापासाठी निळ्या टाइल्स बघायला लागला. मार्सेयहून फोन आला, की आजोबाला कमान पाहिजे. जितेपणी ज्याला सुनेनं कोपऱ्यातली गोधडी दिली, त्याला आता चारी बाजूंनी कठडा मिळणार होता. बलाईद गवंडी गावातच मुक्काम ठोकून राहिला. आणि प्रत्येकाच्या बापाची जागा दाखवायला दादा मोहची काठी होतीच.

पाण्याच्या टाक्यावर बायकांत दुसरं बोलणंच नव्हतं.

"आमच्या सासऱ्यावर टाइल्स घालायच्या म्हणत्यात," इज्जाची शेजारीण इत्तू दोर ओढता ओढता म्हणाली, "आन काठी दाखवली कुणावर? माझ्या सासूवर! मेल्यांना तीन दगड दिसंनात का?"

"मग सांगायचंस की नवऱ्याला."

"सांगितलं. म्हणाला, तुला काय कळतंय त्यातलं. म्हटलं, जाऊ दे. सासूला जितेपणी कधी काय चांगलं मिळालं न्हाई, निदान टाइल्स तरी मिळू देत."

बायका हसल्या. कुणीतरी विचारलं, "आन हाजचा बाप खरा कुठं हाय गं?"

"ठाऊक न्हाई व्हय तुला? त्या वाकड्या बदामाखाली. त्येची आई त्लैतमास बसायची न्हवं तितं? कासाब्लांकाला नेईपतोर एक शुक्रवार चुकला न्हाई तिचा."

"बदामाखाली? अगं, तितं तर त्या बलाईदनं शिमिट कालवलं! उरलेलं सगळं तितंच ओतलं. वाळून तवा झालाय नुसता."

सगळ्यांना असं हसू फुटलं की ओढणीचे पदर तोंडात कोंबावे लागले. हाजच्या बापाला सिमेंट मिळालं होतं, तेही कुणी मागितलं नसताना. इज्जाही हसली. थडगं बांधल्यापासून पहिल्यांदाच हसली. पण हसता हसता थांबली, तिनं दोर सोडला आणि घडा न भरताच टाक्याच्या काठावर बसली.

"त्लैतमास अजून हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"हाय की. डोळे गेलेत म्हणं. हाज वरच्या मजल्यावर ठेवतो. खाली उतरू देत न्हाई."

पुढच्या शुक्रवारी नमाज सुटून माणसं बाहेर पडली, तर दारात इज्जा उभी. हातात मधाची बाटली. जमातीनं आधीच माना खाली घातल्या. आता पुन्हा तोंड सुटणार. पण इज्जाच्या तोंडावर हसू होतं.

"हाज, माझं चुकलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी अडाणी बाई. असं थडगं तालुक्यात न्हाई. बापाचं नाव काढलंस."

हाजनं मधाची बाटली घेतली खरी, पण जरा सावध होऊन घेतली. "अल्लाची मेहेरबानी, लाल्ला."

"आता दानाचं जेवण घालणार म्हणं, थडग्यापाशी?"

"पुढल्या शुक्रवारी. सगळं गाव, शेजारची गावं बी."

"मग लाल्ला त्लैतमास कवा येणार?"

हाज जरा चाचरला. "इम्माला परवास सोसत न्हाई. गुडघे धरलेत. दिसत बी न्हाई."

"दिसत न्हाई, पर हात तर हाईत!" इज्जानं कपाळावर हात मारला. "नवऱ्यासाठी एवढा मोठा संगमरवर, आन बायकोला त्येच्यावरनं एकदा हात फिरवायला मिळू नये? मी काय म्हणत न्हाई बाबा. पर चार गावची माणसं जेवायला येणार. जेवताना माणसं बोलत्यात. म्हणतील, मेलेल्या बापासाठी ट्रक आणला, जित्या आईसाठी गाडी न्हाई आणली."

"खरं हाय," दादा मोह म्हणाला. तो बिचारा चांगल्या मनानं म्हणाला. "पैलं पाणी बायकोनंच घालायचं असतं."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. अब्रूचा सवाल हाजनंच काढला होता, आता त्याला माघार घेता येईना. "आणतो," तो म्हणाला. "आणणार तर हुतोच मी."

तो आठवडा इज्जाला सरता सरेना. एकेक विचार यायचा. त्लैतमास शहरात राहून किती वर्षं झाली! वरच्या मजल्यावर, टाइल्सवर बसून. म्हातारपणी माणूस आपलं नाव विसरतं. जागा काय लक्षात राहणार? आणि पोटच्या पोरानं हात धरून दाखवलं, तर आई नाही कशाला म्हणेल? मग ते थडगं कायमचंच. मग इज्जाला कुठंतरी कोपऱ्यात, भिंतीकडेला, अनोळखी माणसांत टाकतील, आणि हुम्माद तिकडं एकटा, दगडाखाली, दुसऱ्याच्या नावानं. तिला फार भीती वाटली. मरणाची नाही, त्यानंतरची.

शुक्रवार उजाडला. मेंढरं कापली होती, जवाच्या कुसकुसच्या परातींतून वाफा निघत होत्या, सी अबेल्लानं कर्ण्यावरून हाजच्या दानतीबद्दल इतकं सांगितलं की घसा बसला. पांढरी गाडी कबरस्तानाच्या फाटकाशी थांबली. हाजनं दार उघडलं आणि आतून एवढीशी, वाळलेली, काळ्या ओढणीतली म्हातारी खाली उतरवली. सगळं गाव बांधावर उभं होतं. इज्जा मुद्दामच लांब, भिंतीपाशी, हात ओढणीत घालून उभी राहिली. जवळ गेली असती तर हिनंच ओढून नेलं म्हणायला माणसं मोकळी.

"ये इम्मा, असं ये," हाज म्हणाला. "हा संगमरवराकडं रस्ता हाय. नवा करून घेतलाय."

म्हातारी चालायला लागली. फाटकातून आत, चार पावलं फरशीवर. मग थांबली. नाक वर करून वास घेतला. वारा वाकड्या बदामाच्या बाजूनं येत होता आणि तिकडं अजून थोडा रानओवा शिल्लक होता.

"हात सोड," ती म्हणाली.

"इम्मा, पडशील."

"तुला चालायला कुणी शिकवलं रं? सोड म्हणते न्हवं."

त्यानं हात सोडला. म्हातारीनं फरशी सोडली. पायानं चाचपत, झुडपांतून, दोन दगडांच्या मधून, तीन दगडांना वळसा घालून, एखाद्या बाईनं अंधाऱ्या घरात पाण्याच्या घड्याकडं जावं तशी ती गेली. कुणाच्या कबरीवर पाय पडू दिला नाही. हाज मागून "इम्मा, इकडं, इकडं!" म्हणत होता. ती बदामाच्या खोडाला हात लागला तिथं वळली, हुश्श करून खाली बसली, आणि बसल्या बसल्या किंचाळली.

"हे काय हाय?" तिचे हात त्या वाळलेल्या सिमेंटवरून फिरत होते. "कुणी ओतलं हे माझ्या माणसावर? अली! आरं, कुणी केलं हे?"

बलाईद गवंडी परातींच्या मागं गेला.

"इम्मा," हाजचा आवाज बारीक झाला होता, "अब्बा हितं न्हाईत. तिकडं हाईत. संगमरवर केलाय बग त्यांना. सोन्याच्या अक्षरात नाव लिवलंय."

"कुठं?"

"तिकडं, रस्त्याच्या अंगाला."

"रस्त्याच्या अंगाला हुम्माद हाय!" म्हातारी कडाडली. "इज्जाचा. कोळशावाला. त्येच्यावर तुझ्या बापाचं नाव लिवलंस? दर उन्हाळ्यात सुट्टीला आला की पाण्याच्या पाळीवरनं भांडायचे रं दोघं! आता वर बसून तो कोळशावाला हसत असंल!"

"इम्मा, तुला दिसत न्हाई..."

"डोळं गेलेत माझे. पाय अजून हाईत. कुणी दाखवलं तुला तितं?"

हाजनं दादा मोहकडं बघितलं. दादा मोहनं काठीकडं बघितलं, जणू सगळा दोष तिचाच. मग त्यानं सी अबेल्लाकडं बघितलं, आणि सी अबेल्ला म्हणाला, "अल्लाह जाणतो."

"अल्लाला कशापायी मधे घेताय?" म्हातारी म्हणाली. "इज्जाला इचारायचं हुतं. इज्जा कुठाय? जिती हाय का?"

"हाय लाल्ला, जिती हाय," इज्जा भिंतीपासून पुढं आली. ती त्लैतमासच्या शेजारी सिमेंटवर बसली आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून चार गावांसमोर मोठ्यानं रडल्या.

हाज हात बांधून उभा होता. शेवटी म्हणाला, "इम्मा, मी सगळा संगमरवर हितं आणतो. उद्याच्या उद्या."

"काय बी आणू नगंस. उन्हाळ्यात घरात निजला न्हाई कधी तुझा बाप, दार लावलं की जीव गुदमरायचा त्येचा. आन त्येच्या शेजारी मला बी यायचंय. माझ्या छातीवर मी दगड घेणार न्हाई. आधी हे फोड."

"बलाईद!" हाजनं हाक मारली.

"बलाईद न्हाई. तू."

मग चार गावच्या माणसांनी बघितलं ते असं: कासाब्लांकाचा हाज बिही, पांढरा झगा कमरेला खोचून, पहारीनं सिमेंट फोडतोय, आणि त्याची आंधळी आई शेजारी बसून सांगतेय, "हळू. खाली तुझा बाप हाय." कुसकुस निवून गेला. पण तसं जेवण त्या डोंगरात कुणी विसरलं नाही.

"इतके दिवस अब्बाच्या नावानं फातिहा म्हटली मी तिकडं," हाज घाम पुसत म्हणाला. "वाया गेली."

"वाया कशापायी?" म्हातारी म्हणाली. "हुम्मादला पोचली. त्येला पोरगं न्हवतं."

त्यानंतर इज्जा हाजला कधी वाईट शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी हुम्मादवरचा संगमरवर निघाला. नाव कोरलेला दगड दुकानदार परत घेईना, हाजला टाकवेना. शेवटी बायकांनीच तो मागितला आणि टाक्याच्या काठावर नावाची बाजू खाली करून बसवला. घडे टेकायला गावात आजवर एक धड जागा नव्हती. प्लॅस्टिकची हिरवळ इत्तूनं नेऊन खुराड्यात अंथरली. कोंबड्यांनी दोन दिवस टोचून बघितलं आणि नाद सोडला.

टाइल्सचं बोलणंही गावात एकाएकी थंडावलं. कुणी चूक झाली म्हणालं नाही. गावात तशी पद्धत नाही. फक्त प्रत्येक घरात जेवताना नवरा सहज विचारायला लागला, "काय गं, आपला म्हातारा नक्की कुठल्या अंगाला?" आणि बायको सहज म्हणायला लागली, "मला काय कळतंय त्यातलं?" पुढच्या शुक्रवारी बायका घडे घेऊन निघाल्या, तर मागून पुरुष. घडा जड असतो म्हणून आलो, असं जो तो सांगत होता. दादा मोहही आला होता. इत्तूनं त्याला त्याच्या स्वतःच्या आईपाशी नेऊन उभं केलं, तेव्हा त्यानं काठी खाली ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही.

हाज त्याच दिवशी निघणार होता. आईला गाडीत बसवून तो हुम्मादपाशी आला. इज्जा गुडघ्यावर बसून उकरलेल्या मातीत ओव्याची रोपं परत लावत होती. दोन्ही दगड पुन्हा जागेवर आले होते.

"लाल्ला," तो म्हणाला, आणि मागं कुणी नाही हे बघून घेतलं. "माजं काय?"

"तुजं काय?"

"उद्या मी गेलो तर हितं आणतील. बायको माझी शहरातली, कुठला शुक्रवार न् कुठला घडा. पोरं तर डोंगराचं नाव काढत न्हाईत. दोन दगड ठेवतील आन गाडीत बसतील. मला कोण वळखणार?"

इज्जानं वर बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला तो दुकानवाला, कर्णावाला, ट्रकवाला दिसला नाही. त्लैतमासचा पोरगा दिसला, अंधारात एकटा निजायला घाबरणारा.

"म्हंजी सोन्याची अक्षरं बापासाठी न्हवतीच," ती म्हणाली.

हाजनं वाकून एक रोप उचललं आणि तिच्या हाताशी ठेवलं.

"आरं येड्या, ज्यानं कोळशावाल्यावर आपल्या बापाचं नाव कोरलं, त्येची कबर ह्या गावच्या बाया इसरतील व्हय? नातीपणतींना दाखवतील. सांगतील, हा बग तो. आन हसता हसता चार थेंब पाणी तुला बी घालतील. जा आता. आई उन्हात बसलीया."

हाज हसला की रडला, ते इज्जानं बघितलं नाही. गाडीची धूळ खाली रस्त्यावर उतरेपर्यंत ती रोपं लावत राहिली. मग तिनं घडा उचलला आणि हुम्मादला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश पाणी घातलं. पावसाचा अजून पत्ता नव्हता, पण ओल मातीत मुरताना ऐकू येत होती.

"कळलं का?" तिनं विचारलं.

घड्यात थोडं पाणी उरलं होतं. ते तिनं शेजारच्या रिकाम्या जागेवर ओतलं आणि तिथंही ओव्याचं एक रोप लावलं.